नऊ बदलीवाले

"वयनी, अंगठो नीट उठवून घ्या. रेघो दिसाक व्हयो. नायतर हापिसवाले म्हणतले, हो लहू नाय, कोणी भलतोच."

अंगठा देताना लहू म्हणाला होता, ते शब्द अजून कानांत घेऊनच दमयंतीने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला आणि श्यामकांतच्या टेबलावर दोन्ही हातांनी उलगडून ठेवला. परळच्या त्या चाळीत तळमजल्याला श्यामकांतचे टायपिंगचे दुकान होते. दोन संगणक, तीन प्रिंटर आणि एक पंखा, एवढ्यात ते भरून जाई.

श्यामकांतने चष्मा कपाळावर सरकवला.

"काकू, नळाखाली धरलात की काय?"

"तीर्थ शिंपडलं."

"कशावर?"

"यादीवरच. आज द्यायची म्हणून सकाळी देवापुढे ठेवली. हळदकुंकू वाहिलं, तुळशीच्या पानानं दोन थेंब..." तिचा आवाज मुळातच हलका, आता तो पंख्याखाली ऐकूही येईना. "दोनच थेंब शिंपडले रे. मग पुसायला गेले."

कागदावर नऊ नावे होती. वरची तीन आणि खालची दोन धड होती. मधली चार एकमेकांत मिसळून निळसर काळे ओघळ झाले होते. सह्या बॉलपेनच्या, त्या तशाच उभ्या होत्या, नावे हरवलेल्या. सातव्या ओळीसमोरचा जांभळा अंगठा मात्र फुटून पसरला होता. त्यात आता एकही रेघ नव्हती.

तिचे घर असेच चालत आले होते. नवऱ्याचा, धोंडूचा गिरणीचा पास, मुलीचे परीक्षेचे पत्र, हॉस्पिटलचे कागद, सगळे आधी देवापुढे जात आणि तीर्थ घेऊन मग बाहेर पडत. आजवर एका अक्षराला धक्का लागला नव्हता.

"माझंच चुकलं," श्यामकांत म्हणाला. "तुम्हाला सांगायला हवं होतं."

तीन आठवड्यांपूर्वी त्याने तिला तिन्ही प्रिंटरवर एकेक ओळ काढून दाखवली होती. डॉट मॅट्रिक्सची अक्षरे ठिपक्याठिपक्यांची, विटकी, वर कानाला त्रास देणारी कर्कश चरचर. लेझरची झकास, पण ती एक ओळ काढून तो बंद पडला तो आजतागायत तसाच. इंकजेटने न बोलता काळीभोर, ठसठशीत नावे कागदावर उतरवली. "ही बघ कशी पोथीसारखी आली," असे म्हणून तिने इंकजेट निवडला होता. नऊ माणसांची नावे आयुष्यात पहिल्यांदाच छापली जाणार होती. ती देखणी नकोत?

"हा डॉट मॅट्रिक्स आहे ना, तो रिबनीवरून टोचून लिहितो. लेझर पावडर भाजून चिकटवतो. हा इंकजेट नुसती शाई शिंपडतो, काकू. पाणी लागलं की गेली."

"मग आता?"

"नावांची काळजी सोडा. नावं आहेत." त्याने जुन्या, पेटीएवढ्या मॉनिटरचे बटण दाबले. काच हळूहळू उजळली आणि काळ्यावर हिरवी नऊ नावे एकाखाली एक उभी राहिली. सातवे, लहू. "बघा. पुढच्या महिन्यात रंगीत, चपटा घेतोय. त्यात तर असं दिसेल की हात लावावासा वाटेल."

"ह्याच्यावर सही घेता येते?"

तो हसायला गेला, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला.

"पडदा नुसता दाखवतो, काकू."

गिरण्यांचा संप होऊन वीस वर्षे झाली होती. बदलीवाला म्हणजे रोज सकाळी गेटवर उभा राहायचा. कायमचा कामगार आला नाही तर त्याच्या साच्यावर दिवसभर विणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेटवर. ह्या नऊ जणांना धोंडूने आत घेतले होते. साचेखात्यात तो जॉबर, माणसे कामाला लावणारा मुकादम होता. गिरणी बंद झाली, धोंडू गेला, तरी गिरणी कामगारांना मिळणाऱ्या घरांच्या अर्जांची वेळ आली तेव्हा पास नसलेले हे नऊ जण दमयंतीच्याच दाराशी आले. पास नसेल त्यांनी एकमेकांची साक्ष म्हणून एकत्र यादी द्यावी, असे कामगार समितीने सांगितले होते. खाडाखोड चालणार नव्हती. मुदत आज पाच वाजेपर्यंत.

"सह्या परत घेऊ," श्यामकांत म्हणाला. "आठ जण लालबाग-वरळीतलेच ना? अजून साडेदहाच वाजलेत."

"आणि लहूभाऊजी?"

"ते कुठे असतात?"

"परवा बारावं झालं."

श्यामकांतने मॉनिटरकडे पाहिले.

"मग त्यांच्या बायकोचं नाव..."

"यशोदेला वारसाचा दाखला लागेल. त्याला गिरणीचा कागद लागतो. बदलीवाल्याला तो कुणी कधी दिलाच नाही." ती ओल्या कागदावर बोट न टेकवता म्हणाली, "जिवंतपणी उठवलेला अंगठा चालणार होता. एवढाच होता त्यांच्याकडे. मी त्यांना म्हटलं होतं, भाऊजी, घोर लावून घेऊ नका, मी स्वतः नेऊन देते."

श्यामकांत खुर्चीत मागे रेलला. मग उगाच हलके बोलावे तसे बोलला.

"अंगठाच आहे, काकू. कुणाचाही उठवा. साहेब काय भिंग घेऊन बसलाय?"

दमयंतीने झटकन वर पाहिले.

"चेष्टा केली हो. तुम्ही संकष्टीला पाणीसुद्धा चंद्र पाहून पिणाऱ्या. आठ नावांची यादी काढतो."

तो सातव्या ओळीवर गेला. पडद्यावरची हिरवी रेघ लहूच्या नावाखाली उघडझाप करू लागली.

"नऊच राहू देत," ती म्हणाली.

"काकू..."

"ह्या टोचून लिहिणाऱ्यावर काढ. आणि तारीख जुनीच ठेव."

प्रिंटर चरचरत सुरू झाला. कागद थोडाथोडा वर सरकत होता आणि ठिपक्यांची विटकी नावे एकेक करून बाहेर येत होती. श्यामकांतने कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडल्या आणि कागद तिच्यापुढे ठेवला. दुकानाच्या दाराकडे एकदा बघून त्याने शाईचे पॅडही ठेवले.

दमयंतीने हातातल्या बांगड्या कोपराकडे सारल्या. उजवा हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"पुरुषांचा डावा असतो ना रे?"

"हो."

तिने डावा अंगठा पॅडवर दाबला आणि सातव्या नावासमोर एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सावकाश फिरवला. उचलला. वाकून पाहिले. रेघा स्वच्छ उठल्या होत्या.

श्यामकांतने पुसायला फडके पुढे केले. ते न घेता तिने कागदाची घडी केली, पिशवीत घातली आणि चपला पायांत सरकवल्या. कोपऱ्यावरच्या मारुतीशी तिचे पाय रोज थांबत. आज ती मान खाली घालून समोरच्या पदपथाने गेली. आठ सह्या व्हायच्या होत्या, म्हणून आधी तिने वरळीची वाट धरली.