घडी मोडू नये

"राग आला असेल तर पॅराशूटला हात लावायचा नाही. बाहेर जा, पाणी पी, हवं तर भांडून ये. पण रागातली घडी घालायची नाही."

हवाई दलाच्या पॅराशूट विभागात पहिल्याच दिवशी सुधाकर मास्तरांनी दिलेली ही ताकीद. कौशल्याबाईंनी ती नोकरीभर पाळली, निवृत्तीनंतरही पाळली. आज मात्र फरीदाबादच्या त्या शेडमध्ये त्यांना राग आवरत नव्हता. मनाशी रामरक्षा म्हणायला घेतली, तीही अर्ध्यात तुटली.

वेगाचा विक्रम करायला निघालेली ती लांबडी, लाल गाडी ट्रेलरवर चढवलेली होती. इंजिन जुन्या जेट विमानाचं. एकदा सुसाट सुटली की नुसत्या ब्रेकला ती काय भीक घालणार! तिला आवरायचं ते मागच्या पॅराशूटने. आणि त्याच पॅराशूटची थैली, पानिपतची रजई कोंबावी तशी फुगली होती. तोंडातून दोऱ्यांचा गुंता लोंबत होता.

"कुणी उघडलं हे?"

गाडीचा मालक इंद्रजित फोन खिशात टाकत आला. जन्म दिल्लीचा, मराठी घरात बोलण्यापुरतं.

"अरे काकू, काल शूट होतं ना. स्पॉन्सरचं नाव त्या कपड्यावरच आहे, तर गेटवर टांगला. बिल्कुल मस्त दिसला!"

"थैलीवर मी पट्टी शिवली होती."

"हां, ती! 'घडी मोडू नये.'" तो हसायलाच लागला. "मुलांना वाटलं, आत कुणाची तरी घडी राहिलीय. रिस्ट वॉच! शूटच्या आधी तेच शोधत होते. सगळं बाहेर काढलं यार, मिळालीच नाही."

मागची पोरं फिसकन हसली. "आंटीजी, टाइम क्या हुआ?"

कौशल्याबाईंचा आवाज चढलेला कुणी कधी ऐकला नव्हता. आजही तो चढला नाही. उलट इतका खाली गेला, की शेडमधला पंखा ऐकू यायला लागला.

"घडी म्हणजे घडी, इंद्रजित. तुझी आई साडीची घालते, ती. आईची साडी टांगशील गेटला?"

"काकू, कपडाच तर आहे..."

"कपडाच आहे. त्या कपड्याच्या भरवशावर अनिश ही गाडी चालवणार आहे. बघ, सिमेंट लागलंय. गोखरूचे काटे अडकलेत. दोऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडल्यात. हा फुलणार नाही रे. चिंधीसारखा मागे फडफडत राहील, आणि पोरगं कुठे जाऊन थांबेल ते देव जाणे."

इंद्रजितने मान खाजवली. "ठीक आहे, सॉरी. पण ट्रेलर आत्ता निघायलाच हवा. पटकन घालून टाका ना परत."

"नाही घालणार."

"आता इगो नका आणू, काकू."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटं कापत होती. "या हातांनी घातलेली घडी तुझ्या पोरांच्या कोंबण्यापेक्षा वाईट."

"मग दुसऱ्या कुणाकडून करून घेतो. व्हिडिओ बघून पण होतं हे."

"घे करून. फक्त अनिशला फोन लाव, माझ्यासमोर, आणि सांग, घडी काकूंची नाही म्हणून."

इंद्रजितने खिशाला हात लावला. फोन काही बाहेर काढला नाही.

अनिश विक्रमाच्या तयारीसाठी आधीच कच्छला गेला होता. निघण्याआधी पहाडगंजला त्यांच्या घरी आला, पोह्यांची बशी चाटूनपुसून संपवली आणि दाराशी चप्पल घालता घालता म्हणाला, "काकू, दोरी मी ओढणार. पण घडी तुमचीच हां."

"माझीच," त्या म्हणाल्या होत्या. देवापुढेसुद्धा इतक्या चटकन त्यांनी कधी शब्द दिला नव्हता.

कौशल्याबाईंनी थैली उचलून छातीशी धरली आणि त्या ट्रेलरच्या केबिनपाशी गेल्या.

"भैया, कच्छ कितना दूर?"

"दो दिन पकड़ो, माताजी."

"दोन दिवसांत उतरेल," त्या पुटपुटल्या.

"कौन उतरेगा?"

त्यांनी शेजारच्या पार्वतीबाईंना फोन लावला. "किल्ली आहे ना तुमच्याकडे? संध्याकाळी देवापाशी दिवा लावा. मी जरा बाहेरगावी चाललेय."

"काकू, अहो, कपडे नाहीत, काही नाही, अशा कशा जाणार?" इंद्रजित मागून धावत आला.

दांडीला धरून, पदर सावरत त्या वर चढल्या. ड्रायव्हरने आपला डबा उचलून जागा करून दिली. ट्रेलर गेटमधून वळला तेव्हा थैली मांडीवर घेऊन त्या एकेक गोखरू वेचत होत्या.