दीड बोट

दोन

दर सोमवारी सकाळी चूळ भरून झाली की केवळराम मोहुर्ले अंगणातल्या बाजेवर बसायचा आणि तोंड उघडायचा. शेवंता त्याच्या दातांमध्ये बोटं उभी धरून बघायची. धडधाकट माणसाच्या तोंडात तीन बोटं जातात, असं जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. केवळरामच्या तोंडात दोन जायची. पंचवीस वर्षं चघळलेल्या तंबाखूच्या खर्र्यानं गाल आतून वाळल्या चामड्यासारखे झाले होते. तिखटाचा कण लागला की डोळ्यांतून पाणी. त्याला मऊ भात, आंबील, आणि कुस्करलेलं वरण.

माणूस वाईट नव्हता. मागल्या एका तेंदूपानांच्या हंगामात विंचू चावून शेवंताचा हात कोपरापर्यंत सुजला, तेव्हा आठवडाभर त्यानंच तिला भरवलं होतं, तिची सगळी कामं ओढली होती.

त्या दोन बोटांपायी तिनं चिंचटोल्यातल्या बायका गोळा केल्या. सुगंधित तंबाखूवर सरकारची बंदी कधीचीच होती, पण ती कागदावर. गावात ठेले उघडे, सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण प्लास्टिकच्या पन्नीत घालून पाटीवर दिवसभर घोटणं सुरू. लग्नाच्या मांडवात तर आहेराआधी खर्र्याचं ताट फिरायचं. जानेवारीच्या ग्रामसभेत बायकांनी ठराव करून घेतला: गावात खर्रा विकायचा नाही, घोटायचा नाही, ज्याच्या घरी सापडेल त्याचं नाव सभेत घ्यायचं, चावडीच्या फळ्यावर लिहायचं, आणि मग पोलीस.

"आन तुह्याच घरी सापडला तं?" मागून कोणीतरी विचारलं.

"तं माह्या घरचं नाव मी सोता घेईन."

लोक हसले. दीडशे माणसं होती साक्षीला.

दीड

मे महिन्यातला सोमवार. पहिलं बोट गेलं. दुसरं पेरावर अडलं.

"मोठं करा ना तोंड."

"हेच मोठं हाय."

"खाता का?"

"कोठून खाऊ? तूच तं गाव बंद केलं."

तो दात जेमतेम फाकवून बोलायचा. खरं आणि खोटं एकाच फटीतून बाहेर पडायचं, आणि दोन्ही सारखंच ऐकू यायचं. शेवंतानं बोट पदराला पुसलं. मग हळूच हुंगलं. काही नाही. की होतं?

त्या दिवसापासून ती गावाकडे निराळ्या नजरेनं बघू लागली. हापशीमागच्या भिंतीवर ताजी लाल पिचकारी. तेंदूपानं विकायच्या फळीवर पुडे मोजायला उभ्या राहिलेल्या माणसांचे एका बाजूला फुगलेले गाल. सभेत सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवणारा सहारे जवळ आला की सुगंधित तंबाखूतला गुलाब आणि कापराचा वास, आणि मग एकदम त्याचं वाऱ्याच्या खालच्या अंगाला सरकणं. गावात खर्रा होता. कोणीतरी घोटत होतं.

माणिक

ठेला होता माणिक गुरनुलेचा. त्याची घोटायची पाटी बायकांनीच उचलून चावडीत नेऊन ठेवली होती. आता तो तिथंच भजी तळायचा. ठरावापासून शेवंता दिवसातून तीनदा त्याच्या दारावरून जायची.

"ये मावशी, ये," तो झारा हलवत म्हणाला. "आज काय पायतं? बेसनाचा डबा? का माह्या बायकोची संदूक?"

"हात दाखव."

त्यानं दोन्ही पंजे पसरले. घोटणाऱ्याच्या तळव्याचा खालचा उंचवटा गुळगुळीत, चकचकीत होतो. माणिकचा तळवा तेलानं फोडाळला होता.

"चार महिने झाले वो. नदीपलीकडून तंबाखूचे डबे येतात, साऱ्या गावाले माईत. कोठं जातात ते मले काऊन विचारतं? तुह्या घरच्या मानसाले विचार. माह्या ठेल्यावर सगळ्यात चांगला हात त्याचाच होता. सोताचा घोटता घोटता दहा जनाचा घोटून द्यायचा."

"त्यायचं नाव घेऊ नको."

"तू घेत नाई, मी बी घेत नाई. राह्यलं," माणिक म्हणाला आणि हसला.

गाठ

शनिवारी सभा. गुरुवारी सकाळी देवळाचा ओटा झाडताना तिला पुडी सापडली. कोणाच्या तरी खिशातून पडलेली, भरलेली. पन्नीचं तोंड रबरानं नव्हे, पळसाच्या सालीच्या वाकानं बांधलेलं.

शेवंता झाडू टेकून खाली बसली.

दोन पीळ डावीकडे, टोक मागून आणून पिळाखाली दाबलेलं. ही तेंदूच्या पुड्याची गाठ होती. सत्तर पानांचा पुडा बांधायची प्रत्येक बाईची एक तऱ्हा असते. फळीवर पुडे मोजून घेणारा मुंशी न विचारता सांगतो, हा अमकीचा, हा तमकीचा. दोन पीळ डावीकडे ही तऱ्हा शेवंताच्या आईची. ती माहेराहून इकडे आली ती शेवंतासोबत. गावात दुसऱ्या कोणाची नाही.

म्हणजे, एकीला तिनं स्वतः शिकवली होती.

प्रणाली

सून पानं निवडत बसली होती. शेवंतानं पुडी तिच्यापुढे टाकली.

"हे काय?"

"खर्रा," प्रणाली म्हणाली. मग तिनं सासूच्या तोंडाकडे पाहिलं. "अगबाई. आई, माह्यावर?"

"गाठ पाय."

प्रणालीनं पाहिली. हात न लावता. मग बाजूची पानं उचलली, स्वतः पुडा बांधला आणि सासूच्या हातात दिला. "वोढा."

शेवंतानं टोक ओढलं. गाठ सुटली, पानं मांडीवर पसरली.

"परवा मुंशी ओरडला तो काऊन? माही गाठ टिकत नाई म्हनून. तुमीच मले बारा पुडे सोडून परत बांधाले लावले. ही," तिनं पुडीकडे बोट केलं, "ही तं तुमची हाय. अस्सल."

"म्या बांधली?"

"म्या कोठं म्हनलं?" प्रणाली पुन्हा पानं निवडू लागली. मग खाली बघूनच म्हणाली, "बाबांले नाई इचारलं तुमी."

"मानसं पुडे बांधत नाईत."

हे खरं होतं. माणसं जंगलातून गठ्ठे वाहून आणतात, बाया बांधतात. चिंचटोल्यात पुरुषाच्या हातात वाक कोणी पाहिला नव्हता. म्हणून तर गाठ बघून शेवंताच्या डोक्यात फक्त बाया आल्या होत्या, एक एक करून सगळ्या.

तिनं पुडी पुन्हा हातात घेतली.

विंचू. सुजलेला हात. घराचं दार लोटून आतल्या अंधारात केवळराम आठवडाभर तिच्याकडून शिकून पुडे बांधत बसला होता, बाहेर कळलं तर लोक हसतील म्हणून. मुंशीनं त्या आठवड्यातला एकही पुडा परत केला नव्हता. 'शेवंताबाईचे' म्हणून सगळे घेतले होते.

बांधा

त्या दुपारी तिनं पानांचा ढीग त्याच्यापुढे ओतला.

"हात दुखते माहा. तेवढे बांधून द्या."

केवळरामनं वाक उचलला. पानांभोवती गुंडाळला. उजवीकडे एक पीळ दिला, बोटं अडखळली, पुन्हा दिला, टोक वरूनच कोंबलं. पुडा वाकडा झाला.

"मले नाई जमत हे बायकायचं काम."

शेवंता त्या वाकड्या पुड्याकडे बघत राहिली. तो नीट बांधता तर तिला शंका उरली असती; जमतं ते लपवलं, म्हणून उरली नाही.

"पाटी कोठं हाय?"

तो वाकड्या पुड्याचा वाक सोडू लागला.

"मी विचारून रायली, पाटी कोठं हाय?"

"वावरात. आंब्याखाली." मग घाईघाईनं, फटीतून, "खात नाई मी. तुही शपथ. निस्ता घोटतो. लोकं मागतात. हाताले काम राहते, वास येते, तेवढाच."

"मंग तोंड दीडावर काऊन आलं?"

"डॉक्टरीनबाईच म्हनली ना? सोडलं तरी कधी कधी आवळत जाते म्हनून. तू होती तिथं."

ती होती तिथं. बाई असंच म्हणाल्या होत्या. ते वाक्य त्यानं किती दिवस जपून ठेवलं असेल?

"शनिवारी काय सांगशीन?" त्यानं विचारलं. "म्हन ना, सापडलं नाई. माणिकवर सगळ्यायचा डोळा हायच."

शनिवार

चावडीपुढे गाव बसलं होतं. बायका एका बाजूला, माणसं कडुनिंबाखाली. केवळराम सगळ्यात मागे. शेवंतानं पुडी टेबलावर ठेवली.

"हे आपल्या गावात घोटलं. घर मोहुर्ल्याचं हाय."

कुजबुज उठली. सहारे उभा राहिला. "मोहुर्ल्याची पाच घरं हायत गावात. कोनतं? सभेत नाव घ्यायचं ठरलं हाय, मावशी."

शेवंताच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, मतदानाच्या यादीपुढे, नवऱ्याचं नाव विचारलं की ती शेजारणीकडे बघायची आणि शेजारीण सांगायची. आताही बायकांच्या रांगेत दोघीतिघींनी सवयीनं तोंड उघडलं. तिनं हात वर करून त्यांना थांबवलं.

"केवळराम," ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. तिनं खडू घेतला, फळ्यापाशी गेली, आणि ते नाव लिहिलं. अक्षरं खाली उतरत गेली.

माणिक गर्दीतून पुढे आला. "मावशी, चार महिने माह्या दारात..."

"चुकलं माहं."

"मंग माही पाटी?"

"पाटी भेटनार नाई."

तो मग मान हलवून भज्यांकडे परत गेला.

सोमवार

पोलीस येऊन आंब्याखालची पाटी आणि डबे घेऊन गेले. केवळरामला ठाण्यात बसवून ठेवलं आणि रात्र पडायच्या आत सोडलं. शनिवारपासून तो तिच्याशी बोलला नव्हता. तरी सोमवारी सकाळी येऊन बाजेवर बसला आणि तोंड उघडलं.

शेवंतानं बोटं पुढे केली नाहीत. आधी त्याचा उजवा तळवा हातात घेतला, उलटा केला, नाकाशी नेला.

साबणाचा वास. नुसता साबणाचा. अजून ऊन अंगणात उतरलं नव्हतं, चूल पेटली नव्हती, आणि एरवी नुसती चूळ भरून बसणाऱ्यानं आज मनगटापर्यंत हात धुतले होते.

तो तोंड उघडून वाट बघत होता.