दोघांत एक कुलूप

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने जिने चढत फिरावं, यासारखी फजिती नाही. आठ महिने मी ती निमूट करून घेत होतो. समुपदेशक बाईंची खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि त्या इमारतीत लिफ्टच नव्हती, म्हणून तर मी जायला कबूल झालो. बायकोला वाटलं, तिच्या रडण्याने मी विरघळलो. मी तिचा गैरसमज दूर केला नाही.

आमच्या कामात एक नियम आहे. लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरायचं तर आधी मेन स्विच बंद करायचा, त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. जितकी माणसं कामावर, तितकी कुलपं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत वीज येऊच शकत नाही. मी आणि माझा धाकटा भाऊ सतरा वर्षं जोडीने काम करत होतो आणि दोघांत एकच कुलूप वापरत होतो. सख्ख्या भावांत दोन कुलपं कशाला, असं म्हणून वर हसायचो. अपघाताच्या दिवशी काम संपवून तो बाहेर आला, मी कुलूप काढायला गेलो, आणि खाली काहीतरी राहिलं म्हणून तो मागच्या मागे परत उतरला. मी न बघताच स्विच चालू केला. त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली.

चौकशीत धाकट्याने सांगितलं की, दादाने मला थांबवलं होतं, मीच न ऐकता उतरलो. मी सुपरवायझर, माझा परवाना जाऊ नये म्हणून तो धडधडीत खोटं बोलला. आणि मी मूग गिळून बसलो. कागदावर निर्दोष ठरलो, पण त्यानंतर त्याच्या घराची पायरी चढलो नाही. लिफ्टचं दार दिसलं तरी मला दरदरून घाम फुटायचा. शेवटी कंपनीने मला गोदामात बसवलं.

बाईंच्या खोलीत अगदी एकसारख्या दोन खुर्च्या होत्या, त्यामुळे त्यांची कोणती आणि माझी कोणती हेच कळेना. पहिल्या दोन भेटी मी हवापाण्यावर काढल्या. तिसऱ्या भेटीत सगळं भडाभडा ओकलो आणि विचारलं, आता सांगा, मी गुन्हेगार आहे की नाही? बाई म्हणाल्या, तुम्हाला काय वाटतं? माझ्या डोक्यात तिडीक गेली. गोळी द्या, व्यायाम द्या, नाहीतर कानाखाली द्या, पण प्रश्न देऊ नका, असं मी सरळ म्हणालो. बाई हसल्या, पण प्रश्न काही मागे घेतला नाही.

मग मी बाजू मांडायला लागलो. सकाळपासूनचं ते चौथं काम होतं. खड्ड्यातला दिवा गेलेला होता. धाकटाही न सांगता उतरला होता. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “यातलं तुमचं काय?”

“स्विच माझा,” मी म्हणालो. “एकच कुलूप, तेही माझंच. सुपरवायझर मी होतो. आणि गप्प बसलो, तेही माझंच.”

एवढं बोलून बावन्न वर्षांचा मी नाक गळेपर्यंत रडलो. बाईंनी माझं सांत्वन केलं नाही, त्याचा रागही आला. जरा सावरल्यावर मी म्हणालो की, आठ महिने जळतोय, आणखी किती भोगायचं?

“तुम्ही भोगताय, त्यातून तुमच्या भावाला काय मिळालं?”

त्याची बोटं गेली होती आणि वर दादाही गेला होता.

“बोटं परत येणार नाहीत. हे दुःख राहील,” बाई म्हणाल्या. “ते घेऊन काय करायचं, ते तुमच्या हातात आहे. मी नाही ठरवणार.”

घरी जाताना मी बाईंना मनातल्या मनात लाखोली वाहत होतो. पण पाय धाकट्याच्या घराकडे वळले, ते माझे मीच वळवले होते. दार भावजयीने उघडलं. धाकटा टेबलावर मिक्सर खोलून बसला होता, डाव्या हाताने तो दाबून धरायची धडपड चालली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं की उद्या कंपनीत खरं सांगणार आहे. तो खवळला. त्याने एवढं करून वाचवलेला परवाना घालवायला मी निघालो होतो ना. तुला वाचवायला कोणी सांगितलं होतं, म्हणून मीही चढ्या आवाजात भांडलो. आठ महिन्यांनी घरात भांडण ऐकून भावजयीने खुशीत चहा टाकला.

मग तो हळूच म्हणाला, “बोटांची सवय झाली रे दादा. तू येत नाहीस, त्याची नाही झाली.”

दुसऱ्या दिवशी सगळ्या मेकॅनिकांसमोर मी जे झालं ते सांगितलं, एक शब्दही न गाळता. साहेबांनी माझा सुपरवायझरचा परवाना काढून घेतला. खोट्या जबाबाबद्दल धाकट्यालाही झापलं. नंतर एकेक जोडी खाली मान घालून माझ्याकडे यायला लागली. त्यांच्यातही एकच कुलूप होतं. त्या आठवड्यात गोदामातून अकरा नवी कुलपं गेली, मी स्वतः हातात दिली. परवाना गेलेला माणूस एवढा ताठ चालताना त्या गोदामाने कधी पाहिला नसेल.

दीड वर्षाने धाकटा सुपरवायझरची परीक्षा पास झाला आणि त्याने आपल्या हाताखाली मला मागून घेतलं. घरात याची भरपूर चेष्टा झाली. पहिलंच काम नऊ मजली दवाखान्यातलं, आणि खड्ड्यात उतरायचं होतं. माझी पाचावर धारण बसली. धाकट्याने ते ओळखलं.

“दुसऱ्याला पाठवतो. नाही म्हणालास तरी चालेल,” तो म्हणाला. “तूच ठरव.”

मी उतरलो. या वेळी कुलपं दोन होती, माझी किल्ली माझ्याच खिशात होती, आणि वर स्विचपाशी माझ्यामुळे अधू झालेला हात होता. भीती तसूभरही कमी झाली नव्हती. ती घेऊनच मी खाली आलो होतो, कोणी ढकललं नव्हतं. हे कळलं आणि त्या घाणेरड्या खड्ड्यात मला हसू फुटलं.

“दादा, आहेस का रे आत?” वरून हाक आली.

“आहे. अजून वेळ लागेल.”

“लागू दे. मी इथेच आहे.”

मी बाह्या सरसावल्या. परवाना मिळाला होता त्या दिवशीही मला एवढा आनंद झाला नव्हता.