टाकी वाहण्याचं दुखणं

कडुबा तिसऱ्यांदा पकडला गेला तो शेजारच्या तात्यासाहेबांच्या गच्चीवर. सकाळची वेळ, अंगात बनियन आणि हातात पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह. तात्यासाहेबांची सून केस वाळवायला वर आली आणि तिनं अशी किंकाळी फोडली की शहरातल्या गारखेडा भागातली ती सगळी गल्ली अर्ध्या चहावरून उठली.

चोर नव्हता तो. त्याचं स्वतःचं घर त्या घरापेक्षा एक मजला उंच. बिडकीन गावची जमीन कंपन्यांच्या वसाहतीत गेली, त्यातून बांधलेलं, दारात ग्रॅनाइटचे दोन सिंह. फक्त कुणाची टाकी भरून वाहायला लागली की हा माणूस बेल न वाजवता जिना चढायचा आणि पाणी बंद करून खाली यायचा.

पावसानं दोन वर्षं तोंड दाखवलं नव्हतं. शहराला आठवड्यातून एकदा नळ. टँकरमागं बाया कळश्या घेऊन पळतायत, आणि ज्यांच्याकडं मोटर आहे ते मोटर लावून टीव्ही बघतायत. तात्यासाहेब तर पाटबंधारे खात्यातून निवृत्त. त्यांची टाकी सगळ्यात जास्त वाहायची. पण टाकी वाहू देणाऱ्याला कुणी वेडा म्हणत नाही, बंद करणाऱ्याला म्हणतात. आपल्याकडचा हिशोब असाच आहे.

"याचा इलाज करा, नाहीतर मी पोलिसांत जातो," तात्यासाहेबांनी फाटकातून सांगितलं.

कडुबाचा मुलगा ऋतुराज बापावर घसरला. "आप्पा, आता कुणाच्या गच्चीवर दिसले ना, तर फर्दापूरला आत्याकडं सोडून येईन. कायमचं. बसा तिथं लेण्या बघायला येणाऱ्यांना पाणी विकत."

कडुबानं बायकोकडं पाहिलं. आशाबाई भाजी निवडत म्हणाली, "मी नाय येणार. मला इथं नातू हाय."

म्हणजे एकट्यानं जायचं. जमीन गेली, गाव सुटलं, आता घरही. कडुबा त्या दिवशी मुकाट्यानं डॉक्टरकडं जायला तयार झाला.

*

मनस्विनी मानसोपचार करायची. पणजोबा भिक्षुक, आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून, बाप बँकेत. शिकायला पुण्याला गेली आणि परत आली. राहत्या घराच्या खालच्या खोलीत तिचा दवाखाना होता. पोरगी मनानं वाईट नव्हती. पण नुकतीच एक कार्यशाळा करून आली होती: ग्रामीण माणसाचं मन त्याच्याच संस्कृतीतून कसं समजून घ्यावं. कार्यशाळा एका मोठ्या हॉटेलात झाली. ग्रामीण माणसाच्या मनावर बोलायला एकही ग्रामीण माणूस बोलावलेला नव्हता. चहा द्यायला मात्र चार होते.

ऋतुराजनं फोनवर तिला सगळं सांगितलं, फर्दापूरची धमकीसुद्धा. बिडकीनचा शेतकरी येणार कळल्यावर मनस्विनीनं खुर्च्या बाहेर काढल्या. घोंगडी अंथरली. पितळी तांब्या ठेवला. गुळाचा खडाही ठेवला. आणि आरशासमोर उभं राहून गावाकडची भाषा घोटली. ती भाषा तिनं टीव्हीवरच्या मालिकांतून उचललेली होती, आणि त्या मालिका सगळ्या कोल्हापूर-साताऱ्याकडच्या.

तिकडं कडुबाही आरशासमोर होता. शिकलेल्या बाईसमोर लई-नाय केलं तर ती अडाणी समजेल, वेडा ठरवेल, आणि मग फर्दापूर. म्हणून तो चार दिवस टीव्हीवरच्या बातम्या ऐकत होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

"या, पाव्हनं, या!" मनस्विनीनं दारातच हात जोडले. "बसा की असं ऐसपैस. लई दमलासा न्हवं?"

कडुबा चपापला. घोंगडीकडं पाहिलं. गुडघे दुखत होते.

"नमस्कार. मी आपला अत्यंत आभारी आहे," तो म्हणाला. "तथापि एखादी खुर्ची उपलब्ध असल्यास..."

"आवं, खुर्ची कशापायी? भुईवर बसल्यावर कसं आपलं वाटतंया!"

गुडघे कुरकुरले तसा कडुबा बसला. मनात म्हणाला, ही बाई कोल्हापूरकडची दिसते. बिचारी कुठून कुठं आली, तेही पाणी नसलेल्या गावात.

मनस्विनीच्या मनात वेगळंच. हा माणूस एवढं छापील का बोलतोय? भावना दडपल्यात. खोल दडपल्यात.

"मग सांगा बगू, काय तरास हुतोय?"

"मला पाणी वाहताना दृष्टीस पडल्यास मानसिक स्वरूपाची अस्वस्थता जाणवते. परिणामी मी सदर ठिकाणी जाऊन उपाययोजना करतो."

"म्हंजी गच्चीवर चढतासा."

"होय. प्रसंगी."

"मला सांगा," तिनं आवाज हळू केला, "तुमच्यात असं काय झालं तर कुणाला इचारत्यात? भगताला? देवरुशाला? लाजू नगा. मी समद्याचा मान ठिवते."

कडुबाला वाटलं, शिकलेली बाई भगताचं विचारू लागली म्हणजे आपला आजार औषधाच्या पलीकडं गेला.

"आम्ही अंधश्रद्धा मानत नाही," तो घाईनं म्हणाला. "माझं बारावी विज्ञान शाखेतून झालेलं आहे. कृपया गोळ्या लिहून द्याव्यात."

"गोळ्यांचं बगू मागनं. इहिरीत कुणी जीव दिलाय का तुमच्या घराण्यात? आसरा, जलदेवता असं काई?"

विहीर म्हटल्यावर कडुबाचा चेहरा बदलला. मनस्विनीला ते दिसलं. एवढं तिचं श्रेय तिला दिलं पाहिजे. पण पुढं काय बोलावं ते तिला सुचेना, म्हणून तिनं गुळाचा खडा पुढं केला.

तेवढ्यात बाहेर आवाज सुरू झाला. पत्र्यावर पाणी पडल्याचा. आधी थेंब थेंब, मग धार.

कडुबानं डोळे मिटले. मुठी आवळल्या. आज गच्ची नाही. आज चढलो तर मेलो. कपाळावर घाम फुटला, मान थरथरू लागली, तोंडातून हुं हुं असा आवाज यायला लागला.

मनस्विनी सावरून बसली. कार्यशाळेत नेमकं हेच सांगितलं होतं. "येतंय का? अंगात येतंय? येऊ द्या पाव्हनं, अडवू नगा! म्या हाय हितं!"

"आवं बाई!" कडुबा ओरडला. बातम्यांची भाषा फुटून चुरा झाली. "अंगात कामून येतंय! तुमची टाकी भरली वर! मोटर बंद करा ना, कव्हाची वाहू राह्यली!"

मनस्विनीनं कान दिला. "अगं बाई! मोटर! आई मला मारणार आता!"

पहिल्यांदाच त्या खोलीत दोन माणसं आपापल्या तोंडानं बोलली.

*

कडुबा गुडघे विसरून जिन्यावर पोचला होता. मनस्विनी मागून धावली आणि गच्चीवर तिनं त्याचा शर्ट मागून धरला.

"काका, थांबा! तुम्ही बंद केलंत तर तुमचा मुलगा तुम्हाला पाठवून देईल. बटण आत आहे, आई करेल बंद. आई! मोटर!"

खालून कुकरची शिट्टी झाली. आईचं उत्तर नाही.

दोघं टाकीसमोर उभे. पाणी काठावरून उतरून गच्चीभर पसरत होतं आणि नळीतून खाली रस्त्यावर पडत होतं. कडुबाचे हात व्हॉल्व्हकडं जायचे आणि मागं यायचे.

"काका, मला खरंच कळत नाहीये," मनस्विनी म्हणाली. तिच्या घरच्या, गारखेड्यातल्या मराठीत. "हे बघून तुम्हाला काय होतं?"

कडुबा पाण्याकडं बघत बोलला.

"मही विहीर होती. बापानं बहात्तरच्या दुष्काळात खणली. गावाचं पाणी आटलं तरी तिला पाणी. जमीन गेली तव्हा जेसीबी आला बुजवायला. मी म्हणलं, आधी उपसा तरी. टँकर भरा, जनावरांना पाजा. साहेब म्हणे, कामाला उशीर होऊ राह्यला. माती टाकू लागले. माती पडली तसं पाणी वर आलं. काठावरून वाहू लागलं, मह्या चपला भिजल्या. दुष्काळात, बाई. मंग मी पाहतच राह्यलो. बंद काय करणार? तिला व्हॉल्व्ह नव्हता."

मनस्विनीच्या पुस्तकात याला नाव असेल, पण या घटकेला ते नाव काढलं असतं तर ती मूर्ख ठरली असती, हे तिला कळलं.

"रडलात का तेव्हा?" तिनं विचारलं.

"कसा रडणार? पोरगं व्हिडिओ काढू लागलं होतं. म्हणे, आप्पा, हसा."

आणि तो तिथं, लोकांच्या गच्चीवर, इस्त्रीच्या शर्टात, नाक शिंकरत रडला. पाणी थांबलं.

"मने!" खालून आईचा आवाज. "बंद केली गं मोटर! वर कोण आहे, टँकरवाला का?"

"पेशंट आहे!"

"गच्चीवर?"

त्याच वेळी फाटकात गाडी थांबली. ऋतुराजनं वर पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "झालं! डॉक्टरच्याबी गच्चीवर! आप्पा, बस झालं. उद्या सकाळी फर्दापूर."

"त्यांना मी वर आणलंय!" मनस्विनी कठड्यावरून ओरडली. ते अर्धंच खरं होतं, पण त्या वेळी तेवढं पुरेसं होतं. "आणि तुम्हीही आत या. बसा. तुमच्याशी बोलायचंय."

"मह्याशी? मला काय झालंय?"

कडुबा नाक पुसत जिना उतरून त्याच्यासमोर उभा राहिला, मागोमाग मनस्विनीही.

"मी फर्दापूरला जात नाय," तो म्हणाला. "आणि विहिरीचं बोलणार. घरात, जेवताना. 'बुजवली ती बुजवली' म्हणून उठून जायचं नाय. ऐकायचं."

ऋतुराजच्या आठवणीत आप्पा घरात कधी असं बोलले नव्हते. तो हळूच मनस्विनीला म्हणाला, "मॅडम, हे बरे व्हायलेत का बिघडायलेत?"

"एवढ्यात नाही सांगता येणार. पण फर्दापूरला पाठवलंत तर नक्की बिघडतील."

"आणि तात्यासाहेबांना काय सांगू? ते पोलिसांत जायला बसलेत."

"सांग, बेल वाजवीन," कडुबा म्हणाला. "त्यानं दार उघडलं नाय तर चढीन."

"काका!"

"बरं. नाय चढणार." त्यानं थोडा विचार केला. "रस्त्यावर उभं राहून शिव्या देईन. सगळ्या गल्लीला ऐकू जातील अशा."

मनस्विनीनं ऋतुराजकडं पाहिलं, मग कडुबाकडं. तिनं बाहेर काढलेल्या खुर्च्या एकेक करून आत ओढायला सुरुवात केली.

"शिव्या चालतील," ती म्हणाली. "खालून."