उलट्या तिसऱ्या

मी फटकळ आहे, हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे. पण त्या दिवशी अंतरासमोर माझी जीभच लुळी पडली.

अंतरा आमच्या शेजारची, नाशिकची. इथे दोहातल्या एका लॅबमध्ये माती तपासते. ग्रीक लोकांच्या एका जुन्या वस्तीपाशी जमिनीत नळ्या ठोकून काढलेला चिखल तिच्याकडे आलाय. तिथे आधी नदी होती की समुद्र, हे ती थर बघून सांगते. आमचे हे, इब्राहीम, त्याच लॅबच्या स्टोअरमध्ये नळ्या पेटीत मांडतात. सहा महिनेच झालेत, अजून कायम व्हायचेत.

"मावशी, सगळे म्हणतात नदीच्या गाळानं ग्रीकांचं बंदर बुजलं. माझ्या नळीत भलतंच निघालं! खाली नदीची माती, वर समुद्राची. म्हणजे समुद्रच आत घुसला. गुरुवारी मोठमोठ्या लोकांपुढे मांडायचंय," म्हणत तिनं मोबाइलवर त्या नळीचा उभा फोटो दाखवला.

चिखलात तिसऱ्या होत्या, खाडीतले असतात ते शिंपले, मिटलेले. अगं बाई! बाणकोटच्या खाडीत मी लहानपणापासून तिसऱ्या उकरल्यात. त्या चिखलात उभ्या असतात, श्वासाचं टोक वर, पाय खाली. या सगळ्या डोक्यावर उभ्या! एखादी उलटी होईल, सगळ्या कशा होतील? नळीच उलटी होती. आणि नळ्या मांडणारे आमचे हे.

"छान गं," म्हणून मी चहा ओतला. स्वतःचीच चीड आली.

हे घरी आल्यावर विचारलं, "नळीचं वरचं टोक पेटीत कुठे ठेवता?"

"डावीकडे." मग थबकले. "पहिल्या पेटीत उजवीकडे ठेवलं होतं. वरचं टोक दाखवणारा नळीवरचा बाणही पुसलेला." उर्दू शाळेत शिकलेला माणूस, सुरुवात उजवीकडूनच करणार!

"नोकरी जाईल हो," मी म्हटलं.

"आणि चारचौघांत पोरीचं हसं होईल, ते?" चप्पल घालून ते थेट तिच्या दारात गेले. मागोमाग मी.

ऐकून अंतरा पांढरीफटक पडली. ढसाढसा रडली. मग डोळे पुसून साहेबांना मेल लिहिली आणि आम्हाला वाचून दाखवली. "नळी उलटी मांडली गेली, बाण पुसलेला असूनही मी तपासलं नाही, चूक माझी." ह्यांचं नाव कुठेच नव्हतं.

"माझं नाव घाल, बेटा," हे म्हणाले.

"खलास, काका. पाठवलीसुद्धा."

"वेडी आहेस का गं?" मी ओरडले. "तुझीच नोकरी गेली तर?"

"तर तुमच्याकडे जेवायला येईन," म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली.