घासून काढलेली नावं

गुडघ्याचं ऑपरेशन आणि त्यानंतरचे सक्तीचे व्यायाम आटोपून लोथार घरी आला तेव्हा त्याचा नवा गुडघा ठणठणीत होता आणि डोकंही ठिकाणावर होतं. दोन्हींपैकी गुडघाच काय तो संध्याकाळपर्यंत टिकला.

कुबड्या टेकत तो परसात गेला आणि जागच्या जागी थबकला. बाग चकाकत होती. त्यानं आणि रोझविटानं उभा संसार करता करता जमवलेली हाउसवुर्त्सची शेकडो रोपं, गुलाबासारखी गोल आणि जाड पानांची, मुठीएवढ्या कुंड्यांमध्ये बसलेली, आता फळ्यांवर रंगांप्रमाणे लावलेली होती. डावीकडे हिरवी, मग तपकिरी, मग लाल, शेवटी जांभळी. प्रत्येक कुंडीत नावाची प्लास्टिकची पट्टी ताठ खोचलेली होती. पांढरीशुभ्र आणि कोरी.

हे कुणी केलं, असं विचारायची सोयच नव्हती. गुड्रुन, रोझविटाची धाकटी बहीण, शेजारच्या घरात राहत होती, आणि मधल्या फाटकाला कडी आहे ही गोष्ट तिनं आयुष्यात कधी मान्य केली नव्हती. ती एप्रनला हात पुसत आलीच.

"छान दिसतंय ना? पावडर टाकून एकेक घासलीय. बोटांची सालं गेली माझ्या."

"गुड्रुन, त्या पट्ट्यांवर नावं होती."

"शेवाळ होतं."

"शेवाळाखाली नावं होती."

"मग ती वाचत कोण होतं? तूच तर म्हणायचास, मला सगळी तोंडपाठ आहेत म्हणून."

असं तो म्हणायचा खरा. या बाईला कामाची एक गोष्ट लक्षात राहत नसे, पण लोथारची फुशारकीची वाक्यं मात्र शब्दन् शब्द पाठ असत.

"आणि कुंड्या कशाला हलवल्यास?"

"पट्ट्या धुवायला काढल्या, मग कुठली कुठल्या कुंडीतली ते कळेना. म्हटलं, निदान रंगानं तरी लावू. तू बस बघू आधी. पाय सुजेल."

तो बसला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

रंगानं लावू, म्हणे. ज्यानं ही रोपं पाळली आहेत त्याला यातला वेडेपणा वेगळा सांगायला नको. हे झाड मे महिन्यात लालबुंद असतं, ऑगस्टमध्ये मुकाट हिरवं होतं आणि थंडीत तिसराच रंग धरतं. एकाच आईच्या बुंध्याला फुटलेली पिल्लं एक उन्हात, एक सावलीत ठेवली तर सख्खी वाटत नाहीत, आणि परक्या घरच्या दोन जाती शेजारी ठेवल्या तर जुळ्या वाटतात. नावं हजारोंनी आहेत, रोज नवी पडतात. सगळा डोलारा त्या बोटभर पट्टीवर उभा असतो. म्हणून या छंदातल्या लोकांचा एक कडक नियम आहे: पट्टी हरवली की नाव हरवलं. रोप कितीही ओळखीचं वाटो, अंदाजानं नाव लावायचं नाही. ते पुढे जन्मभर बिननावाचं.

हा नियम हाउसवुर्त्सवाल्यांच्या मंडळात सगळ्यांत कडक कोण पाळत होतं, तर लोथार. नावं मंजूर करणाऱ्या समितीवर तो वर्षानुवर्षं होता. एकदा एक म्हातारा उत्तरेकडून दिवसभर गाडी हाकत एक कुंडी घेऊन आला होता. पट्टी कावळ्यानं उपटून नेली, पण शपथेवर सांगतो, हे तेच आहे, म्हणत होता. लोथारनं कुंडी त्याच्या हातात परत दिली होती. "असेलही. पण असेल म्हणजे नाव नव्हे."

बाकीची नावं गेली असती तरी लोथारनं चार दिवस आदळआपट करून सोडून दिलं असतं. त्याचा जीव अडकला होता तो एका कुंडीत.

ते रोप रोझविटानं स्वतः घडवलं होतं. दोन जातींचा संकर करून, बी पेरून, शेकडो रोपट्यांतून फेकत फेकत शेवटी तिनं एक निवडलं होतं आणि त्याच बियाण्याची दोन-चार भावंडं तुलनेसाठी ठेवली होती. जाड, बुटकं, लाल काठाचं. सटासट पिल्लं टाकणारं. त्याला तिनं स्वतःचं नाव दिलं नाही, नवऱ्याचंही नाही. गुड्रुन असं नाव ठेवलं.

"हे मरत नाही, हटत नाही आणि शेजारच्या कुंडीत नाक खुपसतं," ती म्हणाली होती. तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती आणि हसली तरी धाप लागायची. "पण तिला सांगू नकोस हं. मंडळात नाव लागलं की मग सांग. आधी कळलं तर रोज पाणी घालून मारील ती त्याला."

लोथारनं शब्द दिला होता. रोझविटाला जाऊन दीड वर्ष झालं होतं. जूनमध्ये मंडळाचा वार्षिक मेळावा होता, नाव तिथे लागायचं होतं. आणि ज्या बाईचं नाव, तिनंच ते पावडर टाकून घासून काढलं होतं. हे तिच्या तोंडावर म्हणायचीही चोरी. लोथारला आपलं डोकं कुंडीवर आपटावंसं वाटलं.

त्यानं लाल रोपांच्या कुंड्या एकेक करून तपासल्या. काठ बघितले, पानांवरची लव भिंगातून बघितली, खोडावरचे जुने व्रण बघितले. त्यातून दोनच उरल्या. एक रोझविटाचं रोप आणि एक त्याचं टाकाऊ भावंड. कुठलं कोण, ते सांगता येईना. सकाळी त्याला डावीकडचं वाटे, जेवल्यावर उजवीकडचं. गुड्रुन रोज फाटकातून येऊन मागे उभी राहायची आणि विचारायची, "अजून सापडलं नाही होय? इतकं काय असतं त्यात?"

शेवटी त्यानं टिमरमानबाईंना फोन केला. त्या मूळच्या औषधविक्रेत्या, आता समितीच्या प्रमुख, आणि नियम त्या लोथारकडूनच शिकल्या होत्या. रविवारी दुपारी त्या बांबर्गहून गाडी घेऊन आल्या. गुड्रुननं आपण होऊन रूबार्बचा केक भाजला आणि कुणी बोलावलं नसताना टेबलाशी येऊन बसली.

टिमरमानबाईंनी दोन्ही कुंड्या फिरवून फिरवून बघितल्या. "सुंदर आहेत. तुम्ही सांगा यातली कुठली, मी लिहून घेते."

लोथारनं दोन्ही कुंड्या स्वतःकडे ओढल्या. डावीकडची, असं म्हटलं की काम झालं असतं. कुणालाही कळलं नसतं, रोझविटा तर सांगायला येणार नव्हती.

"नाही सांगता येत," तो म्हणाला.

"मग वेस्टरहोफसाहेब, नियम तुमचाच आहे." त्यांना ते बोलताना जड जात होतं, हे दिसत होतं. "पट्टी हवी. किंवा त्यांनी स्वतःच्या हातानं कुणाला रोप दिलेलं असावं आणि तिथून ते हललेलं नसावं. असं कुणी आहे?"

"कुणी नाही. नाव लागेपर्यंत ती एकही पिल्लू देणार नव्हती."

"कुठल्या पिल्लाचं चाललंय?" गुड्रुननं केक कापता कापता विचारलं. "थडग्यावरचं का?"

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"रोझीनं मला दिलं होतं की. शेवटच्या महिन्यात. लाल काठाचं. तिनं कुंडी मागून घेतली, स्वतःच्या नखानं तोडलं आणि माझ्या हातात ठेवलं. म्हणाली, माझ्या पायाशी हेच लाव, दुसरं काही लावलंस तर बघ. आता बेगोनिया लावले मी, पण तेही लावलंच ना. असे काय बघताय?"

"आणि हे तू मला आज सांगतेस?" लोथारचा आवाज चढला.

"तू कधी विचारलंस? दर रविवारी तर जातोस तिथे."

जात होता. पण त्या गुलाबी बेगोनियांवरून त्याचं आणि गुड्रुनचं पहिल्याच उन्हाळ्यात वाजलं होतं, आणि तेव्हापासून तो त्यांच्या रागानं खाली बघतच नसे. नुसता दगडाकडे बघत उभा राहायचा. आता राग नेमका कुणाचा करावा हेही त्याला कळेना, म्हणून त्यानं केकचा राग केला आणि बशी दूर सारली.

टिमरमानबाईंच्या गाडीतून तिघं दफनभूमीवर गेले. रस्ताभर गुड्रुन मागच्या सीटवरून गाडी कशी चालवायची ते सांगत होती.

बेगोनियांच्या मागे, दगडाच्या पायथ्याशी ते होतं. लाल काठाचं, जाड, बुटकं. एका पिल्लाची गादी झाली होती. दगडी कड ओलांडून ते शेजारच्या सुताराच्या थडग्यावर पसरलं होतं.

टिमरमानबाई ओल्या गवतात गुडघे टेकून बसल्या. "थेट त्यांच्या हातातून?"

"थेट."

"हलवलं नाही? शेजारी दुसरं रोप लावलं नाही?"

"छे हो. बेगोनियाच काय ते."

"पट्टी?"

"पट्टी कशाला? एवढा मोठा दगड आहे की तिच्या नावाचा," गुड्रुन वैतागून म्हणाली. "मी दर शनिवारी घासते."

टिमरमानबाई उठल्या आणि चष्मा पुसायला लागल्या. "पुरे आहे मला," त्या म्हणाल्या. "जूनमध्ये मी स्वतः मांडीन."

नाव लागलं होतं, म्हणजे लागल्यातच जमा होतं. लोथारनं खिशातून एक पट्टी काढली. घासलेल्यांतलीच, पांढरीशुभ्र. पेन्सिलीनं त्यावर सावकाश अक्षरं काढली. गुडघा वाकत नव्हता, म्हणून त्यानं ती गुड्रुनच्या हातात दिली. "लाव तूच."

तिनं डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवला आणि वाचलं. पुन्हा वाचलं.

"माझं नाव का?"

त्यानं सांगितलं. मरत नाही, हटत नाही, नाक खुपसतं, सगळं, एक शब्द न गाळता.

"मेली," गुड्रुन म्हणाली. तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "जाता जाता टोमणा मारून गेली."

तिनं वाकून पट्टी मातीत खोचली, आणि कुणाला काही बोलू न देता नळाकडे गेली. काठोकाठ झारी भरून आली तेव्हा लोथार म्हणाला, "त्याला पाणी लागत नाही, गुड्रुन."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. ठाऊक नव्हतं. तिनं सगळी झारी बेगोनियांवर ओतली, इतक्या जोरात की चिखल उडून पट्टीवर बसला आणि अर्धं नाव झाकलं गेलं.

गुड्रुननं खिशातून रुमाल काढला. एक टोक जिभेवर ओलं केलं, खाली वाकली. पट्टीपाशी हात नेला आणि तिथेच थांबली. मग तिनं रुमालाची घडी घातली आणि तो परत खिशात ठेवला.