अण्णांचे सोळा तास

मधुबन अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावरचा पॅसेज टोरांटोपर्यंत वाढला, त्याला सहा वर्षं झाली होती. म्हेत्रेअण्णांची केतकी तिकडे नोकरीला गेली, त्याच दिवशी. सोसायटीत त्यावरनं एकदाच भांडण झालं होतं, एवढी लांब फरशी पुसायची कोणी यावरनं.

अण्णा एसटीतून कंट्रोलर म्हणून रिटायर झालेले. रविवारी सकाळी कट्ट्यावर चहा पिता पिता ते म्हणाले, "साडेबारा हजार किलोमीटर. विमानाला सोळा तास. माझ्या गुडघ्यांना जमायचं नाही." हे ते दर रविवारी म्हणत.

समोरच्या ब्लॉकमधल्या सुदाम खटावकरनं पन्नाशी ओलांडली, तरी त्याच्या खोड्या गेल्या नव्हत्या. "काय अण्णा! मी चालत जाऊन येतो की."

"जायला सोळा तासांपेक्षा कमी लागले, तर माझी अर्धी मिशी इथंच उतरव."

"आणि लागले सोळा, तर माझी!"

"गेला होतास हे कशावरून?"

अण्णांच्या बायकोनं, अक्कांनी, लोणच्यानं भरलेली वाटी सुदामच्या हातात दिली. केतकी कुणाची वाटी रिकामी परत पाठवायची नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सुदामचा बेत साधा होता. जिन्यात एक विडी ओढायची आणि खाली यायचं. वाटीनं घोटाळा केला. खरंच चालावं लागलं.

भिंतींवर सीट नंबर होते. एके ठिकाणी फरशी संपून समुद्र लागला, घोट्याएवढा. त्यानं चपला हातात घेतल्या. पॅसेज अरुंद होत गेला. खांदे दोन्हीकडे घासायला लागले, तेवढ्यात दार आलं. केतकीनं उघडलं. अंगात स्वेटर, हातात उलथनं.

"किती वेळ लागला, काका?"

"तीन मिनिटं."

तिनं लोणचं काढून घेतलं, वाटी धुतली, गरम शिरा भरला, वर ताटली झाकली. "मग बाबा का येत नाहीत?"

सुदामनं हातातल्या चपला खाली ठेवून वाटी घेतली.

"तीन मिनिटं," ती म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

खाली अण्णांचा चहा अजून संपला नव्हता. डोळे जिन्याकडे होते.

"हरलो," सुदाम म्हणाला. "जायला चांगले साडेसोळा लागले. वारा समोरून."

"अरे, आत्ता तर गेलास!" कट्टा ओरडला.

"तिकडचं घड्याळ मागे असतंय. सगळे तास त्यातच जिरले."

अण्णांनी मनात टाइमटेबल लावून बघितलं. "बसतंय," ते म्हणाले. मग त्यांनी श्वास सोडला.

कोपऱ्यावरच्या विलास न्हाव्याला बोलावलं. सुदाम प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. सगळी सोसायटी गॅलऱ्यांतून टाळ्या वाजवत होती. विलासनं वस्तरा टेकवला, डावी मिशी खाली पडली.

अण्णांनी सुदामनं आणलेल्या वाटीवरची ताटली उचलली. वाफ त्यांच्या चष्म्यावर बसली. त्यांनी ती पुसली नाही.